पथ्यावर पडणारे असत्य

फ्रान्सिस बेकनच्या १६२५ सालच्या निबंधसंग्रहातील पहिलाच निबंध सत्यावर आहे, आणि त्याचा आरंभ पिलाताच्या आठवणीने झालेला आहे. न्यायासनावर बसलेल्या या रोमन सुभेदाराने समोर उभ्या असलेल्या ख्रिस्ताला सत्याविषयी एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहताच तो बाहेर निघून गेला, हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आहे. सत्यासत्याची चर्चा निघाली की पिलाताचे नाव घेण्याची आम्हां शिक्षकांना सवयच लागून गेली आहे. परंतु त्याच निबंधात बेकनने दुसरी एक गोष्ट सुचविली आहे, तिच्याकडे आमचे तितकेसे लक्ष जात नाही. सत्य शोधण्यास श्रम पडतात, एवढ्याच कारणाने माणूस असत्याकडे वळतो असे नाही. असत्याविषयी त्याच्या मनात मुळातच एक प्रकारची प्रीती असते, असा त्याचा अभिप्राय आहे. पिलात हा उदासीन मनुष्य होता. स्वतःस श्रद्धावान म्हणविणाऱ्या आमच्यासारख्यांचा रोग उदासीनतेचा क्वचितच असतो. तो बहुधा या प्रीतीचाच असतो. आणि ही प्रीती सरसकट सर्व असत्यांवर नसून जे असत्य आपल्या पथ्यावर पडते त्याच्यावर असते.

हे तत्त्व आम्ही ग्रंथांतून शिकलो असतो तर बरे झाले असते. ते आम्हांस शिकवले एका विद्यार्थ्याने, आणि तेही आमची थोडी फजिती करून. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील तरुणांच्या सभेत चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले होते. विषय श्रद्धा आणि विज्ञान हा होता. व्याख्यानाचा शेवट ठसठशीत व्हावा म्हणून आम्ही एक गोष्ट सांगितली, ती बहुतेक वाचकांच्या कानांवर आलीच असेल. एक नास्तिक प्राध्यापक भर वर्गात ईश्वराच्या अस्तित्वाचे खंडन करतो. तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणतो की, अंधार ही स्वतंत्र वस्तू नसून प्रकाशाचा अभाव आहे, थंडी हा उष्णतेचा अभाव आहे, त्याचप्रमाणे जगातील दुष्टता हा ईश्वराचा अभाव होय. प्राध्यापक निरुत्तर होतात, आणि तो विद्यार्थी म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेला आल्बर्ट आइन्स्टाइन, असे शेवटी उघड होते. टाळ्या चांगल्या पडल्या. सभा संपल्यावर विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, ही गोष्ट आइन्स्टाइनने कुठे लिहून ठेवली आहे, ते सांगाल का? मला मुळातून वाचायची आहे."

आम्हांस ते सांगता आले नाही. घरी येऊन शोध केला तेव्हा कळले की ही गोष्ट सर्वस्वी कल्पित आहे. एवढेच नव्हे, तर ज्याच्या तोंडी ती घातली आहे त्याची मते तिच्या अगदी उलट होती. आपला ईश्वर हा स्पिनोझाचा ईश्वर आहे, माणसांच्या कर्मांचा हिशेब ठेवणारा नव्हे, असे आइन्स्टाइनने १९२९ सालीच सांगितले होते. आणि १९५४ साली एरिक गुटकिंड यांस लिहिलेल्या पत्रात तर पवित्र शास्त्राविषयीचा आपला अविश्वास त्याने मुळीच आडपडदा न ठेवता प्रकट केला आहे. विद्यार्थ्याच्या निबंधात आधार न देता एखादे वाक्य आले तर जे आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढतो, तेच आम्ही शंभर माणसांपुढे ही गोष्ट आधाराशिवाय सांगून मोकळे झालो होतो. कारण उघड होते. ती खरी आहे की नाही हा प्रश्न मनात उद्‍भवलाच नाही; ती खरी असावी अशी आमची इच्छा होती, आणि तेवढे आम्हांस पुरले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही ती गोष्ट सर्वांसमक्ष मागे घेतली. ते काही लोकांस रुचले नाही. मंडळीतील एक वयोवृद्ध सभासद, ज्यांच्या सालसपणाविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, गोष्ट खोटी असेलही, पण तिचा बोध तर खरा आहे ना? मग पोरांच्या मनात संशय कशाला घातलात?" प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्या दिवशी आम्ही नुसते हसून वेळ मारून नेली होती.

या प्रकरणात एक मौज अशी आहे की, त्या गोष्टीतील युक्तिवाद आइन्स्टाइनचा नसला तरी निराधार नाही. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून सत्-चा अभाव आहे, हे मत संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी विस्ताराने मांडलेले आहे. म्हणजे माल ऑगस्टीनचा, आणि वरचा शिक्का तेवढा आइन्स्टाइनचा. आता ज्याचा माल चोरला त्याचेच या शिक्क्याविषयी काय मत असते, हे पाहण्याची सोय सुदैवाने आहे. कारण खोटे बोलणे या विषयावर ऑगस्टीनने दोन स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत, एक इ. स. ३९५ च्या सुमारास आणि दुसरे ४२० च्या सुमारास. दुसऱ्याचा प्रसंग आमच्या प्रश्नाशी अगदी जुळणारा आहे. त्या काळी स्पेन देशात प्रिस्किलियन नावाच्या माणसाचे अनुयायी होते. आपली मते गुप्त राखण्यासाठी खोटे बोलण्यास हरकत नाही, असे ते मानीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांना उघडे पाडावे कसे? कॉन्सेन्शियस नावाच्या एका धर्मनिष्ठ गृहस्थाने अशी युक्ती सुचविली की, आपल्यापैकी काहींनी त्यांच्या पंथाचे असल्याचे सोंग घ्यावे आणि त्यांच्यात शिरून त्यांना पकडावे. ऑगस्टीनने ही युक्ती साफ धुडकावून लावली. ज्यांचा मुख्य दोषच असत्य हा आहे त्यांना असत्यानेच जिंकावयाचे म्हणजे जिंकण्यापूर्वीच त्यांचे शिष्यत्व पत्करण्यासारखे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. शिवाय, धर्मासाठी खोटे बोलणे योग्य असे एकदा मान्य केले, तर उद्या हाच माणूस धर्माची साक्ष देऊ लागला असता तो खरे बोलतो आहे की आमच्या कल्याणासाठी खोटे बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याने ओळखावे कसे?

हाच मुद्दा ऑगस्टीनने जेरोमसारख्या महापंडिताशी झालेल्या वादातही सोडला नाही. प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राची सर्वांदेखत कानउघाडणी केली, असा वृत्तांत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. दोन प्रेषितांचे भांडण लोकांना दिसू नये म्हणून जेरोमने असा अर्थ लाविला की, हा वाद लटका होता, इतरांच्या शिकवणुकीसाठी केलेला होता. हेतू भक्तीचा होता. पण ऑगस्टीनने विचारले की, शास्त्रात एक सोयीचे असत्य मान्य केल्यावर मग कोणते वाक्य सुरक्षित राहील? ज्याला जे वाक्य जड जाईल ते त्याने सोयीचे असत्य म्हणून बाजूस सारावे, असेच व्हावयाचे. आमच्या वयोवृद्ध मित्रांच्या प्रश्नाला हे पहिले उत्तर आहे. बोध खरा आहे. पण तो ज्या भांड्यातून पाजावयाचा ते फुटके निघाले, तर ऐकणारा भांड्याबरोबर बोधही फेकून देतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. जीव वाचवण्यासाठी दारी आलेल्या माणसाला घरात लपवून, मारेकऱ्यांना "येथे कोणी नाही" असे सांगणारा मनुष्य पापी की पुण्यवान, हा जुना प्रश्न आहे, आणि त्यात ऑगस्टीनचा कठोरपणा आम्हांस पूर्णपणे पटतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात दडवून ठेवले, तेव्हा त्यांनी शिपायांना खोटेच सांगितले होते. पण ते असत्य आणि आम्ही ज्याविषयी बोलत आहो ते असत्य यांत महदंतर आहे. पहिल्यात बोलणाऱ्याने आपला जीव धोक्यात घातलेला असतो. दुसऱ्यात बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात.

ख्रिस्ती समाजाने ऑगस्टीनचे म्हणणे नेहमी ऐकले असते, तर त्याचा इतिहास वेगळा झाला असता. आठव्या शतकात केव्हातरी एक दस्तऐवज तयार करण्यात आला. त्याचा मजकूर असा की, चौथ्या शतकातील सम्राट कॉन्स्टंटाइन याने रोम शहर व साम्राज्याचा पश्चिम भाग यांवरील सत्ता पोपला दान केली. या दानपत्राच्या बळावर पुढे कित्येक शतके राजसत्तेविरुद्ध दावे मांडले गेले. १४४० साली लोरेन्झो व्हाला या इटालियन पंडिताने त्याची चिरफाड केली. त्याचे हत्यार भाषाशास्त्राचे होते. कॉन्स्टंटाइनच्या काळची लॅटिन अशी नव्हतीच. रोमन दरबारात ज्यांना कोणी 'सत्रप' म्हटले नसते अशा अधिकाऱ्यांना या पत्रात सत्रप म्हटले आहे. ज्या वेळी कॉन्स्टँटिनोपल शहर वसलेच नव्हते त्या वेळी तेथील धर्मपीठाचा उल्लेख झाला आहे. व्हाला निःस्वार्थी होता असे म्हणण्याचे कारण नाही. तो ज्या राजाच्या पदरी होता त्याचा त्या वेळी पोपशी झगडा चालू होता. पण ही गोष्ट त्याने दाखविलेल्या चुका खोट्या ठरवीत नाही. शिवाय त्याच्या आधीच, १४३३ च्या सुमारास, निकोलस ऑफ क्यूसा या धर्मगुरूने या दानपत्राविषयी संशय प्रकट केला होता, आणि तो पुढे कार्डिनल झाला. खुद्द व्हालालाही नंतरच्या पोपने आपल्या दरबारी नोकरी दिली. पोपपद त्या खोट्या कागदावर उभे असते तर तो कागद फाटल्यावर ते कोसळले असते. ते कोसळले नाही, यावरूनच असा प्रश्न निघतो की, इतकी शतके तो कागद उराशी धरून ठेवण्याची गरज तरी काय होती?

इटलीतील ट्युरिन येथील वस्त्राची हकीकत याच जातीची आहे. ख्रिस्ताचे शव ज्यात गुंडाळले होते तेच हे वस्त्र, अशी लाखो भाविकांची समजूत. पण ते फ्रान्समध्ये प्रथम भाविकांस दाखविले जाऊ लागले तेव्हा त्याला हरकत कोणी घेतली? १३८९ च्या सुमारास त्रुआ येथील बिशपने आपल्या वरिष्ठांना कळविले की, पूर्वीच्या बिशपने चौकशी केली होती, आणि ते वस्त्र एका कारागिराने रंगविल्याचे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे सहाशे वर्षांनी, १९८८ साली, ऑक्सफर्ड, झुरिच व ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी कार्बनच्या पद्धतीने त्याचे वय काढले; ते वस्त्र १२६० ते १३९० या काळातले निघाले, आणि हा निकाल ट्युरिनच्या कार्डिनल आर्चबिशपने स्वतः जाहीर केला. त्या निकालावर आक्षेप घेणारे आजही आहेत. आम्ही येथे त्या वादात शिरत नाही. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की, चौदाव्या शतकात आणि विसाव्या शतकात, दोन्ही वेळी भाविकांच्या आवडीविरुद्ध बोलणारा माणूस धर्मपीठावरच बसलेला होता. श्रद्धा आणि चिकित्सा यांचे हाडवैर आहे, असे मानणाऱ्यांनी या दोघांची आठवण ठेवावी.

एवढे वाचून कोणी सुधारक वाचक मनात म्हणेल की, हा सारा धर्मवाल्यांचा रोग आहे. बुद्धिवाद्यांना त्याची बाधा नाही. तसे असते तर फार बरे झाले असते. अठराव्या शतकात बुद्धिवाद्यांचा मुकुटमणी म्हणजे व्हॉल्तेअर. १७६० साली हिंदुस्थानातून परतलेल्या एका फ्रेंच गृहस्थाने त्याला एक हस्तलिखित दिले. त्याचे नाव 'एझूर वेदम', म्हणजे यजुर्वेद या नावाचे फ्रेंच रूप. त्यात व्यास व सुमंतु यांचा संवाद असून मूर्तिपूजेचे खंडन व एकेश्वरमताचे मंडन होते. व्हॉल्तेअर हर्षित झाला. मोशेच्याही पूर्वी हिंदुस्थानच्या ऋषींना शुद्ध एकेश्वरवाद ठाऊक होता, असे त्यावरून सिद्ध होते, आणि मग पवित्र शास्त्राचा तोरा कशाला हवा, अशी त्याची मांडणी. त्याने ते हस्तलिखित १७६१ साली राजाच्या ग्रंथालयास नजर केले आणि आपल्या लेखनात त्याचा भरपूर उपयोग केला. १७७८ साली ते छापूनही निघाले. पण १७८२ साली पियेर सोनेरा या प्रवाशाने, आणि १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मद्रासच्या फ्रान्सिस एलिसने, त्याचे खरे स्वरूप उघड केले. तो वेद नव्हताच. फ्रेंच जेस्विट मिशनऱ्यांपैकी कोणीतरी हिंदू वाचकांना ख्रिस्ती मताकडे वळविण्यासाठी तो रचला होता. नेमका कोणी रचला आणि फसविण्याचाच हेतू होता की नाही, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण मौज पाहा: ज्या मिशनऱ्यांचा व्हॉल्तेअर जन्मभर उपहास करीत आला, त्यांचाच ग्रंथ त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून त्याने मिरविला. दुसऱ्यांच्या खोट्या कागदपत्रांना हसणाऱ्या या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाची नजर येथेच का अंधारली? कारण ते असत्य त्याच्या पथ्यावर पडणारे होते.

आमच्या काळातही ही तराजूची दोन्ही पारडी समसमान दिसतात. १८ सप्टेंबर २०१२ रोजी रोम येथील विद्वत्परिषदेत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक करेन किंग यांनी कॉप्टिक भाषेतील पपायरसचा एक तुकडा सादर केला. एखाद्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या त्या तुकड्यात ख्रिस्ताच्या तोंडी आपल्या पत्नीचा उल्लेख होता. वृत्तपत्रांतून मोठा गाजावाजा झाला. पपायरस जुनाच होता; पण जुना कोरा कागद मिळविणे अशक्य नसते. त्याच मालकाकडून आलेला, त्याच हाताचा दुसरा एक तुकडा योहानाच्या शुभवर्तमानाचा होता. १९२४ साली छापलेल्या एका पुस्तकातील ओळी जेथे तुटतात नेमक्या तेथेच त्या तुकड्याच्याही ओळी तुटत असल्याचे २०१४ साली एका तरुण संशोधकाने दाखवून दिले. प्राचीन लेखकाला विसाव्या शतकातील छापखान्याच्या ओळी ठाऊक असणे शक्य नव्हते. २०१६ साली एका अमेरिकन मासिकाने त्या मालकाचा पूर्वेतिहास खणून काढल्यावर किंगबाईंनीही तो तुकडा बहुधा बनावट असल्याचे मान्य केले.

आता दुसरे पारडे. वॉशिंग्टन शहरात २०१७ साली पवित्र शास्त्राचे एक भव्य संग्रहालय श्रद्धावान धनिकांच्या पैशाने उभे राहिले. मृत समुद्राकाठच्या प्राचीन गुंडाळ्यांचे सोळा तुकडे हे त्याचे भूषण होते. २०१८ साली त्यांपैकी पाच खोटे ठरले, आणि २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सोळाच्या सोळा तुकडे बनावट असल्याचा निकाल दिला. जुन्या चामड्यावर आधुनिक काळात लिहिलेली ती अक्षरे होती. ज्यांना ख्रिस्ताचे प्रचलित चरित्र खोटे ठरावेसे वाटत होते त्यांच्यासाठी एका लबाडाने पत्नीचा तुकडा पुरविला. ज्यांना शास्त्राचा प्रत्यक्ष पुरावा हाती धरावासा वाटत होता त्यांना दुसऱ्या कोणी गुंडाळ्यांचे तुकडे विकले. बनावट मालाचा व्यापारी गिऱ्हाइकाची श्रद्धा कोणती हे विचारीत नाही; त्याची भूक कशाची आहे, एवढे पाहतो. मात्र ती तपासणी त्या संग्रहालयाने स्वतःच करविली आणि निकाल स्वतःच जाहीर केला, हे त्याच्या चालकांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आपल्याच काचेच्या कपाटातील सोळा रत्ने काचेची आहेत, असे जगाला सांगणे सोपे नाही.

येथपर्यंत आम्ही कागद, कापड आणि चामडे यांच्याविषयी बोललो. पण सर्वांत भयंकर असत्य यांपैकी कशावरही लिहिलेले नसते. ते हवेत असते, आणि ज्या समाजाच्या अभिमानाला ते सुखावते, त्या समाजाला ते असत्य आहे असे वाटतही नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली तेव्हा तेथील प्रोटेस्टंट मंडळीत 'जर्मन ख्रिस्ती' नावाचा पक्ष प्रबळ झालेला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या एका प्रचंड सभेत त्यांच्या एका पुढाऱ्याने जुना करार टाकून द्यावा, अशी मागणी केली. १९३९ साली आयसेनाख येथे धर्मातून ज्यू लोकांचा प्रभाव नाहीसा करण्यासाठी एक संस्थाच निघाली, आणि तिचे मार्गदर्शक वाल्टर ग्रुंडमान या प्राध्यापकांनी ख्रिस्त हा बहुधा ज्यू नव्हताच असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. नव्या कराराचे पहिले पान उघडले तर ख्रिस्ताची वंशावळ अब्राहाम व दावीद यांच्यापासून दिलेली आढळते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ते अडाणी नव्हते. आमच्याच व्यवसायातील, पदव्यांनी मंडित अशी ती मंडळी होती. परंतु राष्ट्राला जे असत्य हवे होते ते पुरविण्यात त्यांनी विद्या खर्च केली.

याला विरोध झाला, हे खरे. १९३४ च्या मेअखेर बार्मेन येथे जमलेल्या पाळकांनी व सभासदांनी, मुख्यतः कार्ल बार्ट यांच्या लेखणीतून उतरलेले सहा कलमांचे निवेदन मान्य केले. मंडळीने ख्रिस्ताच्या वचनाखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला किंवा पुढाऱ्याला ईश्वरी प्रकटीकरण मानू नये, असा त्याचा इत्यर्थ. त्या काळात एवढे बोलण्यास मोठे धैर्य लागत होते. तथापि त्या निवेदनात ज्यू लोकांच्या छळाविषयी एक अक्षर नाही. ही उणीव शत्रूंनी दाखविली असती तर त्यात नवल नव्हते. पण ती आपलाच अपराध म्हणून १९६७ साली एका पत्रात स्वतः बार्ट यांनी कबूल केली. ज्या निवेदनामुळे आपले नाव अजरामर झाले त्याच निवेदनातील पोकळी अखेरच्या वर्षांत दाखवून देणे, यालाच आम्ही सत्यनिष्ठा म्हणतो.

आता आपल्या घराकडे वळू. आज असत्य पसरविण्यास ना पपायरस लागतो, ना चामडे. २०१६ साली अमेरिकेतील निवडणुकीच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी एका उमेदवारास पाठिंबा दिल्याची बातमी लाखो लोकांनी एकमेकांस धाडली; ती निखालस खोटी होती. २०२३ च्या मार्चमध्ये त्याच पोपमहाशयांचे पांढऱ्या, फुगीर, झोकदार कोटातील छायाचित्र जगभर पाहिले गेले. तो कोट नव्हता आणि ते छायाचित्रही नव्हते. यंत्राला शब्दांनी आज्ञा करून काढविलेले ते चित्र होते. पूर्वी आम्ही म्हणत असू की, डोळ्यांनी पाहिले म्हणजे खात्री झाली. तो आधारही आता गेला. आणि या असत्यांचे वाहन कोण? अनोळखी भोंदू नव्हे, तर आपले काका, मामा, वर्गमित्र, मंडळीतील भगिनी. व्हॉट्सॲपवरून सकाळी येणाऱ्या संदेशावर प्रेमाच्या माणसाचे नाव असते, म्हणून आपण मूळ सांगणारा कोण हे विचारीतच नाही. अशा वेळी बातमी कोणी प्रथम सांगितली, त्याला ती कळली कशी, दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे ती सांगितली आहे काय, हे प्रश्न विचारावेत, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही त्यांत एका प्रश्नाची भर घालतो, आणि तो सर्वांच्या आधी विचारावा असे सुचवितो: ही गोष्ट खरी असावी अशी माझी इच्छा आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या गोष्टीची परीक्षा दुप्पट कडक करावी. प्रतिपक्षाला बदनाम करणारी बातमी, आपल्या धर्माची थोरवी गाणारे परकीय पंडिताचे वाक्य, आपल्या देशाच्या प्राचीन वैभवाचा नवा पुरावा, या तिन्ही प्रकारांना हाच नियम लागू आहे.

ख्रिस्ती माणसाला हा नियम बाहेरून आणावयाचा नाही. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा त्याच्या धर्मशास्त्रात आहेच. आणि ज्या गोष्टीला पुरावा नाही ती इतरांस खरी म्हणून सांगणे हीदेखील खोटी साक्षच होय. बिरुया नगरातील लोकांनी खुद्द पौलाचा उपदेश ऐकूनही तो खरा आहे की नाही हे शास्त्र उघडून रोज पडताळून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची निंदा न होता प्रशंसाच झाली आहे. थोमाने पुरावा मागितला तर त्याला हाकलून लावले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पेत्राची. सर्व प्रेषितांत अग्रगण्य असा हा माणूस ऐन संकटाच्या रात्री आपल्या गुरूला ओळखत नाही असे तीन वेळा सांगतो, आणि हा लज्जास्पद प्रसंग चारही शुभवर्तमानांत जसाच्या तसा आहे. लिहिणाऱ्यांना तो गाळता आला नसता काय? त्यांनी तो गाळला नाही, म्हणूनच त्यांच्या इतर शब्दांना वजन आले.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातही ही परंपरा अगदीच अनोळखी नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे यांनी प्रथम ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ रचला, पुढे परीक्षा करता करता १८४८ साली ते मत स्वीकारले, आणि त्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्या त्यांनी लपविल्याही नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण जी तत्त्वे बुद्धीस पटली नाहीत ती केवळ आश्रयदात्यांना बरे वाटावे म्हणून पत्करण्याचे नाकारले. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कोणत्या मराठी घरात वाचली गेली नसतील? नारायण वामन टिळकांना संत करून देव्हाऱ्यात बसविणे त्यांच्या पत्नीला सोपे होते. त्यांनी टिळकांचा संताप, लहरीपणा आणि संसाराविषयीची बेफिकिरी हे सर्व सांगितले. आणि ते सांगितल्यामुळेच त्यांची भक्ती, औदार्य आणि प्रेम यांवर आमचा विश्वास बसतो.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, "कडेच्या खोट्या गोष्टी तुम्ही झाडून टाकता, हे ठीक, पण तुमच्या श्रद्धेचा गाभा, ख्रिस्ताचे पुनरुत्थान, तो तरी कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला आहे? मग हा न्याय अर्ध्यावरच का थांबवता?" आमचे उत्तर असे की, तो गाभा गणितातील सिद्धांतासारखा सिद्ध करता येतो असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे भासविणे हे आणखी एक पथ्यावर पडणारे असत्यच ठरेल. इतिहासाच्या साक्षीने तेथपर्यंतची वाट काही अंतर दिसते. पुढचे पाऊल विश्वासाचे आहे, आणि ते टाकणाऱ्याने ते विश्वासाचे आहे असे उघड सांगावे. ज्यांना ते टाकता येत नाही त्यांना आम्ही अप्रामाणिक समजत नाही. परंतु ज्याने ते टाकले आहे त्याच्यावर एक अधिक जबाबदारी येते. ज्याने सत्य हे आपल्या प्रभूचेच नाव मानले, त्याने त्या प्रभूची बाजू असत्याने सावरावी, याहून मोठी विसंगती कोणती? ज्याला आपल्या खटल्याच्या खरेपणाची खात्री असते तो बनावट साक्षीदार उभे करीत नाही.

आमचे वयोवृद्ध मित्र आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत द्यावयास हवे होते, ही रुखरुख मनास लागून राहिली आहे. ते म्हणाले होते की, आम्ही पोरांच्या मनात संशय घातला. वस्तुतः संशय त्या पोराच्या मनात आधीच होता. म्हणून तर त्याने आधार विचारला. आम्ही गोष्ट मागे घेतली नसती तर तो संशय आइन्स्टाइनच्या गोष्टीपुरता राहिला नसता. तो व्याख्यात्यापर्यंत, आणि व्याख्यात्यावरून मंडळीपर्यंत जाऊन पोचला असता. तो मुलगा आता दूरच्या शहरात नोकरीस आहे. मध्यंतरी त्याचे पत्र आले. त्यात ख्यालीखुशालीच्या चार ओळी होत्या, आणि खाली लिहिले होते की, ऑगस्टीनचे पुस्तक वाचावयास घेतले आहे, जड जाते, पण मुळातून वाचतो आहे.